मुनीर सरांची सुधारित प्रत

त्या मंगळवारी सकाळी मोबाइलवर मुनीर सरांचं नाव उमटलं आणि मी फोन उचलला नाही. खरं सांगायचं तर कपाळाला हात लावला. आदल्याच दिवशी त्यांच्या लेखाची पाचवी 'सुधारित प्रत' आली होती, अंक छपाईला जायचा होता, आणि आता हा माणूस सहावी पाठवणार याची मला खात्री होती. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. चौथ्यांदा वैतागून उचलला आणि म्हणालो, "सर, आता एक अक्षरही बदलणार नाही मी!" पलीकडं त्यांच्या पत्नी होत्या, शबानाभाभी. "भाऊ, सर गेले... पहाटंच, नमाजच्या वक्ताला." या गोष्टीला आता सात आठवडे झाले. माझं ते वाक्य भाभींनी ऐकलं होतं, हे अजून मनातून जात नाही.

आमचं मासिक छोटं, संगणकाविषयीचं, इथल्या शहरातूनच निघणारं. मी त्याचा संपादक, पण शिकलो मराठी साहित्य. संगणकाशी माझा संबंध टाइप करण्यापुरता. मुनीर सर मूळचे खुलताबादचे, राहायला पडेगावात. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम सांभाळायचे आणि आमच्यासाठी मराठीतून प्रोग्रॅमिंगवर सदर लिहायचे. बारा वर्षं लिहिलं. बारा वर्षांत एकदाही लेख वेळेवर दिला नाही! कारण त्यांचा एक हट्ट होता. लेख लिहून झाला की ते तो कागदावर छापून घेत आणि ज्याला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही अशा कुणाला तरी समोर बसवून त्यातला प्रोग्रॅम टाइप करायला लावत. कधी मेहुणा, कधी शेजारचा गॅरेजवाला, बहुतेक वेळा भाभीच. त्या माणसाला कुठं अडलं की आख्खा परिच्छेद नव्यानं लिहायचा. इकडं पान अडलेलं, छापखान्याचे फोन, आणि हे मला निवांत सांगणार, "साहेब, तुमची भाभी सतराव्या ओळीला अडकली. दोन दिस थांबा." मी म्हणायचो, "अहो, भाभींना कुठं संगणकावर नोकरी करायचीय?" तर म्हणायचे, "नाय ना. म्हणून तर. तिला जमलं तर कुणालाबी जमंल." यावर काय बोलणार, कपाळ? मी दात-ओठ खात फोन ठेवायचो.

पाच वर्षांपूर्वी असाच एक लेख शेवटच्या क्षणी आला. पायथॉन नावाच्या भाषेतला प्रोग्रॅम होता. त्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला डावीकडं सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात, हे संगणकाला त्यावरूनच कळतं. सरांनी मला हे वीस वेळा तरी सांगितलं असेल, आणि मी वीस वेळा 'हो हो' म्हणालो असेन. पान लावणारा त्या दिवशी रजेवर, म्हणून मीच बसलो. ओळी पुढंमागं, वेड्यावाकड्या दिसत होत्या. मी त्या सगळ्या डाव्या समासाला टेकवून एका रेषेत आणल्या. पान इतकं देखणं झालं की मी स्वतःवरच खूश होतो.

अंक निघाल्यावर सर कचेरीत आले. आवाज चढवला नाही. "साहेब, हे काय केलं हो?" मी म्हणालो, छपाईत होतं असं कधीकधी, पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ. "पहिल्या पानावर द्या. मोठी. चूक आपली हाय, असं लिहा." मला राग आला. स्वतः उशिरा लेख द्यायचा आणि वर आम्हाला अक्कल शिकवायची! मी टोचून विचारलं, "नावाची एवढी काळजी?" ते म्हणाले, "माझ्या नावाचं जाऊ द्या. ज्यानं टाइप केलं आन् चाललं नाय, तो मासिकाला दोष नाय देणार. म्हणंल, आपल्याच डोक्यात खोट हाय. लई लोक तिथंच सोडून देतात, साहेब..." मी दुरुस्ती दिली. शेवटच्या पानावर, जाहिरातीखाली, तीन ओळी, 'तांत्रिक कारणामुळे'. सरांनी ती वाचली, अंकाची घडी घातली आणि निघून गेले. पुढच्या महिन्यात त्यांचा लेख आला, अर्थात उशिरा, आणि मी समजलो की विषय संपला.

विषय संपला नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी पडेगावला गेलो तेव्हा भाभींनी सरांच्या कपाटातली एक फाइल माझ्या हातात ठेवली. ज्या ज्या वाचकांनी त्या प्रोग्रॅमबद्दल पत्र लिहिलं किंवा फोन केला होता, त्या सगळ्यांची नावं सरांनी लिहून ठेवली होती. प्रत्येकाला प्रोग्रॅमची बरोबर प्रत पाठवून, ती चालेपर्यंत पाठपुरावा केला होता. भाभी म्हणाल्या, "तुमचं नाव नाय घेतलं कुणाजवळ. समद्यांना म्हणायचे, माझ्याकडून चुकलं." आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? आणि न चिडून राहायचं तरी कसं? त्यांनी मला एकदा तरी सुनवायला हवं होतं ना! पाच वर्षं हा माणूस माझी चूक अंगावर घेऊन फिरला आणि मला पत्ताही लागू दिला नाही.

त्या यादीत एका नावापुढं मात्र 'फोन लागत नाही' असं पाच वेळा लिहिलेलं होतं, खाली 'पत्राला उत्तर नाही'. वैजापूरकडच्या रेखाताई. फाइलमधल्या त्यांच्या पत्रातला पत्ता माहेरचा होता. लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या. त्या भागातल्या एका ओळखीच्या शिक्षकांना विचारलं, दोन दिवसांत नंबर मिळाला. एवढंच काम होतं. मला ते कधीही करता आलं असतं.

फोन लावला तेव्हा मागं शिलाई मशिनचा आवाज येत होता. मी मासिकाचं नाव सांगितलं, त्या प्रोग्रॅमची आठवण करून दिली. "व्हय, आठवतं की," त्या हसल्या. "तीन दिस टाइप करत हुते. चालंचना. भाऊ चिडवायला लागला. मंग म्हणलं, आपल्याला नाय जमायचं हे... त्याचा लॅपटॉप त्याला देऊन टाकला." मी म्हणालो, "ताई, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. तो प्रोग्रॅम छापताना मी मोडला होता. सरांनी नाही, मी."

मशिन थांबलं.

"म्हंजी माझं बरोबर हुतं?"

"हो. छापलं होतं तसं, अक्षर न् अक्षर."

"हे तवाच सांगायचं ना हो," त्या म्हणाल्या.