गेरूचा हात

देवानंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिहोऱ्यातल्या माझ्या कृषी केंद्रात खताची पोती लावून घेत होतो. त्याचा भाचा बोलत होता. "मामा गेले. सकाळी उठले, पाणी पेले, अन् बसल्या बसल्या..." मी फोन ठेवला आणि हमालाला म्हणालो, ती रांग सरळ कर. रांग सरळच होती, असं तो नंतर म्हणाला. सगळ्यांना वाटलं, रमेशभाऊंना धक्का बसला. पण खरं सांगायचं तर ही बातमी मला आंबागड किल्ल्याच्या माथ्यावर आधीच कळली होती, आणि ती हातावर घेऊन मी पळत खाली आलो होतो. तोवर हे कोणाला बोललो नव्हतो.

जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात आमच्याकडे ही शर्यत सुरू झाली. धानाचे पुंजणे चुरून मळणी आटोपली की एखाद्या रविवारी पायऱ्या सोडून जुन्या जंगलवाटेने किल्ला चढायचा आणि उतरायचा. अंतर एवढंसं, पण चढ असा की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर. शर्यत जोडीची असे... एक चढणारा, एक उतरणारा. आम्ही उतरणारे पहाटेच चालत वर जाऊन दरवाजापाशी उभे राहायचो. चढणारा पोचला की घमेल्यात कालवलेल्या गेरूत उजवा पंजा बुडवायचा आणि जोडीदाराच्या पंजावर दाबायचा. तो ओला हात घेऊन उतरणाऱ्याने पायथ्याशी यायचं आणि चुना फासलेल्या आपल्या फळीवर ठसा उमटवायचा. वाटेत झाड धरलं, पडलं, रंग पुसला, तर जोडी बाद. म्हणून आम्ही सगळे उजवा हात वर धरून, कोणाला तरी थांब म्हणत असल्यासारखे, उड्या मारत खाली यायचो. माणसं पायथ्याशी, म्हणून टाळ्या उतरणाऱ्याच्या. फळीही तोच घरी न्यायचा. देवानंद माझा चढणारा, पण त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. "जिल्हा फुटला त फुटला, आपली जोडी नाई फुटाची," एवढंच म्हणायचा.

तो आंबागडचाच. पाच एकर धान, बोडीच्या पाळीला, म्हणजे तळ्याच्या बांधाला, लागून घर, घरात सुनंदावहिनी, आणि पायांत कुठून आलेली कोणास ठाऊक, पण बकरीची चाल. मी वर उभा असे. खाली तळी धुक्यात बुडालेली, सागाची पानं एकेक करून सुटणारी, आणि आपण कुठल्यातरी दुसऱ्याच गावाला आल्यासारखं वाटायचं. मग शेवटच्या वळणावरून त्याची हाक यायची, "हात काढ बे!" तो दिसण्याआधी माझा पंजा पुढे झालेला असे. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. दगड पायाखाली येत आणि निघून जात, शरीराला वजन नसे, कानात फक्त वारा. वर्षभर गल्ल्यावर बसून राहणारा मी, त्या थोड्या वेळात मी कोणीतरी वेगळाच असायचो. हे त्याला माहीत होतं. म्हणूनच, मला वाटतं, वय झालं तरी तो चढत राहिला.

शेवटच्या शर्यतीच्या आधीची गोष्ट. पाळीवर बसलो होतो. पाण्यात खडे टाकत तो म्हणाला, "रम्या, चढताना आजकाल छातीत ओढल्यासारखं होते बे. सुनंदाले नोको सांगजो."

"थंडीनं होत असंन," मी म्हणालो. "जरा हळू चढ."

चढू नको, असं म्हणालो नाही. ते शब्द तोंडाशी आले होते. पण चढणारा नाही तर उतरणारा कुठला? मला माझा उतार हवा होता. बस्, एवढंच कारण आहे, आणि त्याला दुसरं कोणतंही सोज्वळ नाव देता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी पोरं म्हणे त्याला चिडवत होती, "काका, अँब्युलन्स सांगून ठेवली का?" तो म्हणाला, "तुया बापाले विचार, माया मागं कसा रांगत येत होता तो!" मी वर वाट पाहत होतो. त्या दिवशी हाक आलीच नाही. धुक्यातून तो आवाज न करता बाहेर आला, तोंडावर राख फासल्यासारखा. गेरूत हात बुडवला आणि माझ्या हातावर दाबला. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या बादलीसारखा गार हात... मनगटावरून घाम ओघळत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं. "पळ," तो म्हणाला.

आणि मी पळालो.

जिंकलोही नाही. बऱ्याच वेळाने तो काठी टेकत उतरला, मोहाच्या झाडाखाली बसला, हसला. "का बे, कितवे आलो?" त्या दिवशीही वहिनींना सांगता आलं असतं. त्यानंतरही बरेच दिवस मिळाले.

देवानंदच्या पुण्यानुमोदनाला विहारात गर्दी होती. तेव्हा बोलणं जमलं नाही. काही आठवडे गेल्यावर दुकानाच्या भिंतीवरची ती शेवटची फळी काढली आणि आंबागडला गेलो. सुनंदावहिनी ओसरीत तूर पाखडत होत्या. फळी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिली.

"बाकी ठसे कसे घट्ट राहते. हा असा पातळ काहून? ओघळ आले याले."

"घाम आहे, वहिनी. देवानंदचा." मग पाळीवरचं सांगितलं, माथ्यावरचंही. काही झाकलं नाही.

सूप खाली ठेवलं त्यांनी. "मी त्याले खाटेले बांधून ठेवलं असतं, भाऊ. दाव्यानं बांधलं असतं. तुमच्या तोंडाले काय झालं होतं?"

त्यांनी बोटाने त्या ओघळाला हात लावला, अगदी हलका, ओला असल्यासारखा. पंजा माझा होता, हे त्यांनाही दिसत होतं. त्यावरून फिरून त्यांचं बोट पुन्हा पुन्हा ओघळावरच येत होतं.

"फळी राहू द्या इथं," त्या म्हणाल्या. "तुमी जा."

मी निघालो. दुकानाच्या भिंतीवर फळीच्या जागेचा चौकोन आता पांढरा दिसतो, गिऱ्हाईकं विचारतात. पण मला आठवतं ते त्या दुपारचं पाळीवरून उतरणं. उतार तो काय, चार पावलांचा. खाली आल्यावर समोरून सायकलवर येणारा एक जण थांबला आणि म्हणाला, "का म्हणता, भाऊ? मले आवाज देल्ला का?"

तेव्हा कळलं. माझा उजवा हात वर होता.