तांब्यावरचं जनावर

चष्मेवाल्या काकूंना जुन्या नाण्यांचा नाद लागला तो त्यांच्या दिरामुळे. नवरा होता तोवर दुकान तो बघायचा आणि काकू मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. तो गेल्यावर दोन्ही कामं त्यांच्याच अंगावर पडली. जमीन मोजणीच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले धाकटे दीर तेव्हा सोबत म्हणून संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागले. नुसतं बसून कंटाळले, तसं एकदा खिशातून दोन काळपट नाणी काढून म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे भिंगं आहेत. बघा ना, यावर काय लिहिलंय."

काकूंनी बघितलं आणि त्या अडकल्याच.

पुढे दोघं मिळून नाणी जमवू लागली. भाऊजी भंगारवाल्यांच्या ढिगांतून शोधून आणायचे. काकू मऊ ब्रशने माती काढायच्या, वजन करायच्या, भिंगाखाली धरायच्या. मग पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघायचं आणि भांडायचं. भांडल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

एक भांडण मात्र अंगाशी आलं. भाऊजींनी एक तांब्याचं नाणं आणलं होतं. ठोकताना छापा सरकल्यामुळे त्यावरच्या जनावराचं डोकं काठाबाहेरच राहून गेलेलं. चार पाय, शेपूट आणि पाठीवर चंद्रकोर, एवढंच दिसत होतं. पुस्तकात असलं काही सापडेना.

"घोडा," काकू म्हणाल्या. "शेपूट बघा कसं भरगच्च आहे."

"बैल आहे. खांद्याशी उंचवटा दिसत नाही?"

"तो गंज आहे, भाऊजी."

"वहिनी, मी जन्मभर उंचवटेच मोजलेत."

"मग त्या मोजण्या पुन्हा करून घ्यायला हव्यात."

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. भाऊजींनी नाणं तसंच टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली आणि चालू लागले.

ते पुन्हा आले नाहीत. निरोप जाऊबाईंमार्फत जायचे-यायचे. त्या पार वैतागल्या. "ते जनावर मरून हजारो वर्षं झाली. तुम्ही दोघं कशाला त्याच्या दावणीला बांधून घेताय?"

काकू आता स्वतःच भंगारवाल्यांकडे जाऊ लागल्या. वितळवायला निघालेल्या तांब्याच्या ढिगात एकदा त्यांना तीच चंद्रकोर दिसली. तीच पाठ, तेच पाय. इथे छापा दुसऱ्या बाजूला सरकला होता. शेपूट गायब, पण डोकं पुरतं उमटलेलं. त्यावर दोन शिंगं.

काकू नाणं हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. गुपचूप खणात टाकलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण मग पुढे कुठलंही नाणं खरेपणाने बघता आलं नसतं. त्या दुकान न उघडताच थेट दिराच्या घरी गेल्या. भाऊजींसमोर नाणं आणि भिंग ठेवलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. "शिंगं आहेत."

"आहेत. तुमचं बरोबर होतं. आणि चारचौघांत तसं बोलायला नको होतं मी."

भाऊजींनी भिंग खाली ठेवलं. "वहिनी, खरं सांगू? तो उंचवटा मला दिसलाच नव्हता. तुम्ही घोडा म्हणालात म्हणून मी बैल म्हणालो. दर वेळी तुमचंच बरोबर निघायचं. वाटलं, एकदा तरी..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

काकूंना आधी रागच आला. इतक्या संध्याकाळी एकटीने दुकानात काढल्या, त्या एवढ्यासाठी? मग त्यांचं लक्ष भाऊजींच्या पडलेल्या चेहऱ्याकडे गेलं आणि राग टिकेना.

"म्हणजे अंदाजपंचे जिंकलात," त्या म्हणाल्या.

"जिंकलो तर खरा."

आतून जाऊबाई चहा घेऊन आल्या आणि काही न विचारता दोघांच्या मध्ये बसल्या.

आता नवं नाणं आलं की दोघंही आपापल्या कागदावर आधी मत लिहितात, मगच बोलतात. काकूंचंच बहुतेक वेळा बरोबर निघतं. भाऊजी म्हणतात, त्यांना हल्ली त्याचं काही वाटत नाही. जाऊबाईंचं मत वेगळं आहे.