ज्याची झाली, त्याने पुढच्याची करायची

१३ एप्रिल १९९६, शनिवार. सकाळी आठ वाजता मी माहेरच्या ओट्यावर दादांच्या दाढीचा डबा उघडून बसले होते. ब्रशचे केस ताठ झाले होते, ते कोमट पाण्यात बुडवले. स्टीलच्या रेझरवर साबणाचा जुना थर होता, तो घासून काढला. तुरटीचा खडा तेवढा जसाच्या तसा होता.

दादा म्हणजे माझे वडील. फेब्रुवारीत त्यांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं जड झालं, डोकं शाबूत राहिलं. मी नगरला नोकरीला होते. चार दिवसांची रजा काढून आले, कारण धाकट्या भावाने निरोप पाठवला होता की दादा यंदा झेंड्याला येत नाही म्हणतात. आमच्या वस्तीत विहारासमोर चौदा एप्रिलला निळा झेंडा दादाच चढवत. विहार झाल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. आता दोन महिन्यांची दाढी वाढली होती, आणि तसल्या तोंडाने ते झेंड्याखाली उभे राहणार नव्हते.

भावाने एकदा प्रयत्न केला होता. त्याचं प्लॅस्टिकचं रेझर, गालाला नुसता पाण्याचा हात, आणि कामावर जायची घाई. दोन ठिकाणी कापलं. मग तो म्हणाला, स्टँडवरच्या सलूनवाल्याला घरी आणतो. दादांनी भिंतीकडे तोंड केलं.

सलूनवाला चांगला मुलगा होता, भाऊ स्वतः त्याच्याकडेच जायचा. पण दादांच्या तरुणपणी गावचा न्हावी आमच्या लोकांच्या तोंडाला हात लावत नसे. वस्तीने आपली सोय आपण केली. रविवारी माणसं लिंबाखाली ओळीने बसत. पहिल्याची दादा करत. मग तो उठून दुसऱ्याची करे, दुसरा तिसऱ्याची, आणि शेवटचा माणूस दादांची. ज्याची झाली, त्याने पुढच्याची करायची. एकाच्याच हातात रेझर राहिलं तर ते त्याचं काम होऊन बसेल, असं दादांचं म्हणणं होतं. लहानपणी फेस करायचं काम माझं. रेझर मुलींच्या हाती येत नसे. पुढे नवऱ्याचा हात मोडला तेव्हा दीड महिना मी त्याची दाढी केली, म्हणून हात बसला होता.

मी वाटी घेऊन दादांजवळ गेले. त्यांनी डावा हात आडवा धरला.

"तुजी कुठं झाली?" ते म्हणाले. शब्द लडबडत होते, पण नियम नियम होता.

मी भावाला हाक मारली. तो म्हणाला, माझी काल झालीय. मी म्हटलं, बस, ओळ कुणीतरी सुरू करावीच लागते. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्याच्या तोंडावर दोन मिनिटं ठेवला. ब्रश साबणावर फिरवला, फेस गालावर गोल गोल घासला. प्रत्येक गोष्ट दादांना दिसेल अशी, आणि भावाला कळेल अशी सांगत गेले: आधी केस मऊ करायचे, कातडी ओढून धरायची, रेझर दाबायचं नाही, त्याचं वजन पुरतं. वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, लग्नाला अकरा वर्षं झाली, ह्यांना एवढा वेळ गप बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग पातं बदलून मी रेझर भावाच्या हातात दिलं. दादांची वाढलेली दाढी आधी कात्रीने उतरवली. दादांचा उजवा गाल ओघळला होता, तो मी ताणून धरला. भावाने रेझर परत माझ्यापुढे धरलं.

"ताई, तूच कर ना."

"माझी झालेली नाही," मी म्हटलं.

पाऊण तास लागला. कुठेही कापलं नाही. तुरटी फिरवली, आरसा दाखवला. दादांनी मिशीवरून बोट फिरवलं. माझ्या लेखी काम संपलं होतं. दादांनी मात्र डावा हात पुढे केला आणि उघडाच धरला.

त्यांना रेझर हवं होतं. त्यांची झाली होती, आता पुढच्याची.

भाऊ माझ्याकडे बघू लागला. लिंबाखालच्या त्या ओळीतला एकच माणूस उरला होता, शेजारचे काका. चौकशीला येऊन ते खाटेच्या कडेला टेकले होते. त्यांनी टोपी काढली आणि दादांच्या डाव्या बाजूला येऊन बसले.

"काका, हात डावा आहे त्यांचा," मी म्हटलं.

"आसंना. ह्या हनुवटीचं आता लगीन जमवायचं न्हाई."

मी त्यांना फेस लावला. रेझर धुवायला मोरीत नेलं आणि जुनं पातं काढलं. नवं घातलं नाही. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. म्हाताऱ्याची हौस भागेल, कुणाला लागणार नाही.

दादांनी रेझर काकांच्या कानाजवळ टेकवलं आणि खाली ओढलं. फेस निघाला. ते थांबले. पातं केसातून जाताना खरखर होते, ती झाली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पातं घाल."

 काकांनी डोळे मिटून घेतले आणि मान आणखी वर केली.

मी पातं घातलं. दादांनी गालावरून चार-पाच हात मारले, वेडेवाकडे. हनुवटीशी एकदा लागलं. काका हलले नाहीत. खरखर ऐकू येत होती. मग दादांचा हात दमला, आणि त्यांनी रेझर आपणहून खाली ठेवलं. उरलेली भावाने पुरी केली. मी काकांच्या हनुवटीवर तुरटी दाबून धरली. मग वाटी विसळायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने आणि काकांनी दादांना खुर्चीसकट विहारापुढे नेलं. मी झेंड्याची दोरी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ओढली, दातात धरली, पुन्हा ओढली. मध्ये झेंडा अडला आणि माझा हात पुढे गेला. तो मी मागे घेतला, आणि इतर बायकांबरोबर वर बघत उभी राहिले.