ओवीला विचारून

“बाळाच्या अंगातलं मीठ चाललंय,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मला सकाळचं मीठ आठवलं. त्याच सकाळी सासूबाईंनी बाळावरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून जुन्या तव्यात जाळल्या होत्या. बाळ दूध ओढत नव्हतं, सारखं ओकत होतं, म्हणजे दृष्ट लागली, असं आमच्या घरात ठरलं होतं.

आम्ही परळच्या एका मोठ्या रुग्णालयात होतो. बाळाला बारा दिवसही झाले नव्हते. नवरा प्रसाद दाराशी उभा होता आणि सासूबाई बाकावर जप करत होत्या. डॉक्टर हार्मोनच्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, कंजेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लाझिया. मी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट समजावलं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रिनल. शरीराला ताण झेलायला लागतं ते कॉर्टिसॉल त्या बनवतात, आणि मीठ धरून ठेवणारं हार्मोनसुद्धा. माझ्या बाळाच्या ग्रंथींना ही दोन्ही जमत नव्हती. त्याऐवजी त्या पुरुषी हार्मोन भरमसाट बनवत होत्या, आणि ते मी पोटुशी होते तेव्हापासून. सोडियम खाली गेलं होतं, पोटॅशियम वर चढलं होतं. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन तेव्हाच सुरू झालं.

“आणखी उशीर झाला असता तर?” प्रसादने विचारलं.

“तो झालेला नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

पण उशीर आम्ही केलाच होता. जन्म झाला तेव्हा प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांनी मुलगा किंवा मुलगी असं काहीच म्हटलं नव्हतं. “बाळ छान रडलंय,” एवढंच म्हणाले. मग त्यांनी आम्हाला आत बोलावून सांगितलं, लघवीच्या जागेचा बाहेरचा भाग नेहमीपेक्षा वेगळा दिसतोय, नक्की काय ते तपासण्यांनंतर कळेल, लवकरात लवकर मोठ्या रुग्णालयात दाखवा. आम्ही ठरवलं, बारशानंतर दाखवू. तोवर कुणाला काही कळायला नको.

काळाचौकीच्या चाळीत काही लपवणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. दुपारी दार लोटून घेतलं तरी शेजारची येऊन विचारते, बरं वाटत नाही का? आमचं दार दहा दिवस बंद. मालिशवाल्या बाईंना सासूबाईंनी परत पाठवलं, कारण त्या बाळाला अंघोळ घालणार म्हणजे सगळं बघणार. प्रसाद लालबागच्या मिठाईवाल्याकडे गेला आणि काउंटरसमोर उभा राहिला. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. दुकानदाराने विचारलं, काय बांधू? तर हा खारी बिस्किटं घेऊन परत आला! मला त्या अवस्थेतही हसू फुटलं, आणि मग रडू. बारशाला नाव काय ठेवायचं, यावर सासूबाईंनी तोडगा काढला होता, “किरण ठेवूया. मुलगो असो नायतर मुलगी, चालता.”

आणि या सगळ्या लपवालपवीत बाळ सुकत चाललंय, हे आमच्या लक्षात आलं नाही. रोज अंगाला हात लावणारी मालिशवाली बाई असती तर तिने पहिल्यांदा ओरडून सांगितलं असतं.

तपासण्यांचे निकाल टप्प्याटप्प्याने आले. कॅरिओटाइप म्हणजे रक्तातल्या क्रोमोसोमची तपासणी, तिच्यात मुलीचे क्रोमोसोम निघाले. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं. १७-ओएचपी नावाची एक तपासणी असते, ती या आजाराची मुख्य खूण, तिचा आकडा खूप वाढलेला होता. “तुम्हाला मुलगी आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि औषधं वेळेवर मिळाली तर ती छान मोठी होईल.” मी लग्नाआधीपासून दादरला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आयुष्यभर लोकांना म्हणत आले, बसा, डॉक्टर बोलावतील. या बाजूच्या खुर्चीवर बसून ते बोलावणं यायची वाट बघताना वेळ किती लांबतो, ते मला तेव्हा कळलं.

वॉर्डात एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला. एकाने न विचारता बाळाचा लंगोट सोडला, बाकीचे वाकून बघू लागले, एकीने मोबाइल काढला. मी टाक्यांच्या दुखण्यासकट उठले. म्हटलं, “माझं बाळ म्हणजे प्रदर्शन आहे का? आधी विचारायचं.” त्यातला एक म्हणाला, “मॅडम, शिकण्यासाठी आहे.” मी म्हटलं, “मग आधी विचारायला शिका.” दुपारी हार्मोनच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं की तपासणीला कारण लागतं, आईची परवानगी लागते आणि फोटो काढायचा नाही. त्या बाईंवर माझा विश्वास बसला तो तेव्हा.

मग सर्जन भेटले. मनाने चांगला माणूस, बोलणं मऊ. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली. “बाहेरचा भाग वाढलाय तो लहान करू. वर्षाच्या आत करून टाकलेलं बरं. तिला काही आठवणार नाही. शाळेत जाईपर्यंत सगळं नॉर्मल दिसेल.”

प्रसादच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सासूबाईंनी तिथेच हात जोडले. “ह्या काय ता एकदाचा करून टाका,” म्हणाल्या. गणपतीनंतरची तारीख धरायचं ठरलं, आमच्याकडे महत्त्वाचं सगळं गणपतीनंतरच होतं. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू? कुणीतरी हे सगळं पुसून टाकणार होतं.

हार्मोनच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या लगेच हो किंवा नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. “गोळ्या आणि मीठ तिच्या जिवासाठी आहेत. त्यात एक दिवसही चालढकल नको. हे ऑपरेशन जिवासाठी नाही. लघवी अडत असती, सारखं इन्फेक्शन होत असतं, तर मीच करा म्हटलं असतं. तिला तसं काही नाही. तिथल्या नसा नाजूक असतात, एकदा कापलेलं परत आणता येत नाही. थांबलात तर मोठी झाल्यावर ती स्वतः ठरवू शकेल.” मग दादरला महिन्यातून एकदा भरणाऱ्या एका बैठकीचा पत्ता त्यांनी दिला.

ही बैठक एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. तिथे मुलांच्या शरीराच्या हक्कांवर काम करणारे लोक जमत, एक वकीलबाई, लहान मुलांचे एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि अशा शरीराने जन्मलेली मोठी माणसं. वकीलबाई म्हणाल्या, जीव वाचवायचा असेल तर आईबापांनी सही करायलाच हवी. पण जे थांबू शकतं आणि ज्याचा परिणाम जन्मभर राहतो, ते ज्याच्या शरीराचं आहे त्याच्यासाठी राखून ठेवायला हवं. मला हे बोलणं तेव्हा पुस्तकी वाटलं.

मग नेहा बोलली. तिशीतली, शाळेत गणित शिकवणारी, माझ्या मुलीचाच आजार. तिचं ऑपरेशन तान्हेपणीच झालं, आणि वयात येताना पुन्हा. घरी तिला सांगितलं होतं, हर्नियाचं होतं. “तान्हेपणीचं मला काही आठवत नाही, हे खरंच आहे,” ती म्हणाली. “पण जिथे संवेदना असायला हवी तिथे नाही, तिथे फक्त दुखतं. आईवर चिडते आणि मग वाईट वाटतं, कारण तिला कुणी थांबा म्हणालंच नव्हतं.” ती बोलताना एकदाही रडली नाही. मी मात्र पदराने डोळे पुसत होते.

तिने मला विचारलं, “तुमच्या बाळाला त्रास होतो का?”

“नाही.”

“मग ऑपरेशन कुणासाठी करताय?”

मी विचार न करता खरं तेच बोलून गेले, “काळाचौकीसाठी.”

हॉलमध्ये हशा पिकला, मीही हसले. पण घरी जाताना, बाळाला छातीशी घेऊन चालताना, मला ते उत्तर टोचत राहिलं. ज्या शेजारणींना मी साखर उसनी देते त्यांच्या नजरेसाठी मी माझ्या मुलीवर सुरी चालवणार होते.

प्रसादला पटायला दोन रात्री लागल्या. तो तेव्हा एवढंच म्हणाला, “तुला भीती नाही वाटत?” मी म्हटलं, वाटते, दोन्ही बाजूंनी वाटते. सासूबाई मात्र कडाडल्या. “लोकांका काय सांगुचा? उद्या तिच्या लग्नाचा काय?” त्यांची भीती खोटी नव्हती. त्या माउलीने सासऱ्यांची गिरणी बंद पडल्यावर डबे करून पोरं वाढवली, लोकांच्या तोंडाला तोंड देत. मी भांडले नाही. म्हटलं, “आई, ठीक आहे, करूया. पण मोठी झाल्यावर ती विचारील, मला न विचारता का केलंत? तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं.”

त्यानंतर गोळी कुटून दुधात देण्याचं आणि मिठाचं पाणी मोजून पाजण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं. एक दिवस वाटीत चमचा ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माका नाय जमूचा ता उत्तर. थांबा मगे.”

आम्ही तारीख रद्द केली. मग उशिराने बारसं केलं, आत्याने कानात नाव सांगितलं, ओवी. प्रसादने सगळ्या मजल्यांवर बर्फी वाटली. मालिशवाल्या बाईंना मीच बोलावून आणलं आणि आत बसवून आधी सगळं सांगितलं. त्या बाळाला तेल लावत म्हणाल्या, पाय किती लुकडे झालेत पोरीचे.

हे सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. ताप आला की गोळीचा डोस वाढवावा लागतो, उलट्या झाल्या की इंजेक्शन देऊन रुग्णालयात धावावं लागतं. आमच्या घरात इंजेक्शन द्यायला प्रसादही शिकला. काही लोकांना कळलं, काही बोलले, एक-दोन घरांशी आमचं येणं-जाणं तुटलं. ओवी पुढे ऑपरेशन करायचं म्हणेल, किंवा कधीच नको म्हणेल. मला ठाऊक नाही, आणि ते आत्ताच ठाऊक असण्याची गरज नाही, हे पचवायला मला बरीच वर्षं लागली.

तुमच्या घरी असं बाळ आलं असेल तर एवढंच सांगते. दार बंद करू नका आणि तपासणी बारशापर्यंत लांबवू नका. औषधाला हो म्हणा. बाकी प्रत्येक गोष्टीला विचारा, हे आज लागणारच आहे का? उत्तर हो असेल तर जरूर करा. हा प्रश्न मला विचारायला शिकवणाऱ्या डॉक्टरांचे, नेहाचे आणि त्या हॉलमधल्या सगळ्यांचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू? आता मीही त्या बैठकीला जाते, नवीन आलेल्या आईच्या शेजारी बसते.

ओवी आता दुसरीत आहे. आपल्या ग्रंथी जरा आळशी आहेत म्हणून गोळी लागते, आणि आपलं अंग थोडं वेगळं आहे, हे तिला माहीत आहे. कैरीला मीठ लावून खायला बसली की हात आवरत नाही. परवा तिला तपासणीला नेलं, सासूबाईही आल्या होत्या. उंची झाली, वजन झालं, रक्त घेतलं. मग डॉक्टर माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळल्या.

“ओवी, आज लघवीची जागासुद्धा एकदा बघायची होती. घाई नाही. बघू का?”

माझ्या ओठांवर ‘अगं, डॉक्टरच तर आहेत’ आलंच होतं. मी गिळलं.

ओवीने थोडा विचार केला. “आज नको.”

“बरं,” डॉक्टर म्हणाल्या आणि हातमोजे पुन्हा खोक्यात ठेवले. “पुढच्या वेळी पुन्हा विचारीन.”

बाहेर आलो तशा सासूबाई उठल्या. “काय गो, सगळा तपासल्यानी?”

“एक राहिलं,” मी म्हटलं. “ती नको म्हणाली.”

सासूबाईंनी पिशवीतून मिठातल्या आवळ्यांची डबी काढली, झाकण उघडून तिच्यापुढे धरली.

“नको म्हणली ना? मग नको.”