गालाच्या पेशीला भिंत नसते

स्वतःच्या गालाची पेशी तुम्ही कधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहे का? नसल्यास अवश्य पाहा. माणूस नम्र होतो. फरीदाबादच्या एका शाळेत मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रोज धुतल्या जातात. किस्से मात्र साचत जातात.

*

करणने पहिल्याच दिवशी पेशीचे चित्र काढले. अगदी गोल, जाड काळ्या कडेचे.

"केंद्रक कुठे आहे?"

"मॅडम, अभी तक आया नहीं."

मी भिंगाला डोळा लावला. हवेचा बुडबुडा! काच जरा दाबताच तो नाहीसा झाला. करण हळहळला, "मॅडम, आपने मार दिया!"

ईश्वराने डोळे दिले आहेत. पाहण्याचे कष्ट आपणच घ्यायचे असतात.

*

सानिका दिल्लीत वाढलेली; घरी मराठी, बाहेर हिंदी. मी सांगत होते, "मायटोकॉन्ड्रिया हे पेशीचे वीजघर. तिथे अहोरात्र ऊर्जा तयार होते." तेवढ्यात वीज गेली. सगळ्या सूक्ष्मदर्शकांचे दिवे विझले.

सानिका शांतपणे म्हणाली, "मॅडम, आपण पेशीतच शिफ्ट होऊ या का?"

*

पेशीपटलाचे कार्य साधे आहे: हवे ते आत घ्यावे, नको ते अडवावे.

"बिल्कुल हमारी सोसायटी का गार्ड!" करण म्हणाला.

"छे!" सानिका म्हणाली. "तो माझ्या आजोबांना अडवतो आणि पिझ्झावाल्याला सलाम ठोकतो."

मी हसले नाही. निदान वर्गात नाही.

*

आता जोगळेकर सर. माझे सहकारी, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. चातुर्मासात त्यांचा कांदा-लसूण वर्ज्य, आणि ही वार्ता शाळेत कोणाला ठाऊक नाही असे होत नसे. प्रयोगाचा कांदासुद्धा ते चिमट्याने उचलत. "ताई, नेम म्हणजे नेम!" असे म्हणून मधल्या सुट्टीत वहिनींनी दिलेला बिनकांद्याचा राजमा तोंड वाकडे करून खात. नेम देवासाठी असतो, स्टाफरूमसाठी नव्हे. पण हे त्यांना सांगणार कोण?

सहामाहीच्या प्रात्यक्षिकाला कांद्याचा पापुद्रा दाखवायचा होता. मधली सुट्टी संपवून आम्ही प्रयोगशाळेत आलो, तर ट्रे रिकामा!

जोगळेकर कडाडले, "कांदा कोणी खाल्ला? चोर सापडेपर्यंत अकरावीला प्रात्यक्षिकाचे गुण नाहीत! आणि सापडला की वर्षभर प्रत्येक बॅचला पेशी काढायला गाल त्याचाच!"

सानिकाचे डोळे भरून आले. "सर, आम्ही नाही खाल्ला. सच्ची!"

मी म्हटले, "कांदा नाही, तर गालाच्या पेशी पाहू. सर, आधी आपणच करून दाखवा."

सरांनी दात कोरायच्या काडीने गाल आतून हलकेच खरवडला, काडीचे टोक काचपट्टीवर टेकवले, निळ्या रंगाचा थेंब टाकला. पहिली पाळी सानिकाची.

"मॅडम, इथे भिंत आहे."

"भिंत वनस्पतीच्या पेशीला असते, सानिका. प्राण्याच्या पेशीला नुसते पातळ पटल."

"पण आहे ना! लांबट लांबट, विटांसारख्या चिकटून बसल्यात."

मी पाहिले. गालाच्या पेशी विखुरलेल्या होत्या, चपट्या, वेड्यावाकड्या. त्यांच्या मधोमध विटांची एक सुबक भिंत उभी होती.

मी सूक्ष्मदर्शक सरांकडे वळवला. त्यांनी पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"हवेचा बुडबुडा असेल," ते म्हणाले.

करणने भिंगाला डोळा लावला आणि मान हलवली. "नहीं सर. बुलबुला मैं पहचानता हूँ."

अकरावीला गुण मिळाले. वार्षिक परीक्षेपर्यंत प्रत्येक बॅच आली की जोगळेकर सर न सांगता पुढे येत, खुर्चीवर बसत आणि तोंड उघडत.