मामा धूसर झाले

मी कामरगावात लग्नाचे फोटो काढतो. लहान सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्यावर घर नीट चाललं होतं, तरी गेल्या सीझनला फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या महागड्या कॅमेऱ्याचा, किडा डोक्यात वळवळायला लागला. त्यात आणखी भानगड अशी, की आहे त्याच कंपनीचा घ्यावा, की सगळ्या लेन्स विकून दुसऱ्या कंपनीच्या घरी नांदायला जावं? महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून बायकोचं डोकं खाल्लं. शेवटी ती म्हणाली, "एकदा वापरून तं पाहा!" म्हणून कारंज्याच्या मित्राचा दुसऱ्या कंपनीचा फुल फ्रेम एका लग्नापुरता मागून आणला.

मंगलाष्टकांच्या वेळचा नवरीचा फोटो पाहून मी स्वतःवरच खूश झालो. चेहरा आरशासारखा लख्ख आणि मागचं सगळं लोण्यासारखं मऊ, धूसर. त्या धूसरपणासाठीच तर लोक फुल फ्रेमच्या मागे लागतात.

अल्बम पाहायला नवरीचे मामा आले. मंगलाष्टकांना रीतीप्रमाणे तेच भाचीच्या पाठीशी उभे होते. त्यांनी फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

"मी कुठी हावो याच्यात?"

मी लोण्यातल्या गुलाबी डागावर बोट ठेवलं. "हा तुमचा फेटा."

"मले काहून पुसून टाकलं बे?"

"पुसलं नाही, मामा. मागचं असं दिसायला लई भारी कॅमेरा लागते."

मामांनी चष्मा काढला आणि शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"कॅमेरा कायले लागते बे? चष्मा काढला का सारं गाव मले असंच दिसते, फुकटात."