घरजावई गळतोय

दुपारचं जेवण अंगावर आलंय. शेडमध्ये जीपच्या बाजूला टाकलेल्या खाटेवर मी आडवा पडतो. हातात टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, नवं पॅकिंग. बुचाचं. तिसरं आणलेलं, आणि हेही बोटभर आखूड! दुकानदाराला जीपचं साल सांगितलं, फोटो पाठवला. तो म्हणतो, "साहेब, ह्या गाडीला हेच बसतं." बसतं तर मग बसत का नाही, बाबा? प्लगच्या वायरी नव्या घातल्या, जीपच्या पुस्तकात बघून, एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं. तरी इंजिन कट मारतंय, सायलेन्सरमधून फटाके फुटतायत. उद्या सकाळी आरटीओत पासिंग. मागच्या वेळी तेल गळतंय म्हणून परत पाठवली.

"उद्या नाही झालं तर देऊन टाकू मोडीत," सकाळीच बायको, वैजयंता, म्हणाली. "बाबांची आठवण म्हणून किती दिवस डोकं फोडून घेणार?"

डोळे जड होतात. पत्रा उन्हानं कडकड वाजतोय. कडकड, मग टकटक. मग पान्ह्याचा आवाज.

मामा इंजिनात वाकलेत. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा मिस्त्री. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. अंगात तीच बंडी, कानावर तीच विडी.

"मामा, हे पॅकिंग का बसत नाही?"

"कुणाचं आणलंय?"

"जीपचं."

"मग जीपला बसवा की."

हे असं! जिवंत होते तेव्हाही असंच. सरळ उत्तर द्यायचं म्हणजे जिवावर यायचं. मी पॅकिंग पुढं करतो तर आम्ही दुकानात उभे आहोत. भिंतीभर पॅकिंगं टांगलेली, आणि दुकानदार प्रत्येकाखाली नाव वाचतोय, पण जीप सोडून भलतंच काहीतरी. मी ओरडतो, आवाज फुटत नाही. मामा शांतपणे म्हणतात, "चला, पंगत बसली."

पंगत म्हणजे आमच्या लग्नातलीच. तोच मांडव, तीच सनई. पत्रावळींच्या जागी बुचाची पॅकिंगं मांडलीत. मामांच्या शेजारचा पाट रिकामा आहे.

"बसा जावईबापू."

"मी नाही बसत."

हे खरंय. त्यांची एकुलती एक लेक केली, त्यांच्याच घरी राहिलो. पहिल्याच महिन्यात शेडमधून त्यांचा आवाज ऐकला. कुणाला तरी सांगत होते, "हा घरजावई नुसता गळतोय. खातोय किती, आणि ओढायला नको!" त्या दिवसापासून अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर जेवलो नाही. काही ना काही सबब काढायची आणि मागाहून एकट्यानं ताट घ्यायचं. ते रोज वैजयंताला विचारायचे, "जावई जेवले का?" मला वाटायचं, घास मोजतायत.

"बसा की," मामा पुन्हा म्हणतात.

"कशाला बसू? गळतो ना मी! खातो किती, ओढत काहीच नाही!" निघालं एकदाचं तोंडातून.

मामांच्या हातातला घास थांबतो. "कोण म्हणालं?"

"तुम्ही! शेडमध्ये!"

"अहो, तो घरजावई!" ते जीपकडं बोट करतात. जीप मांडवातच उभी आहे, मुंडावळ्या बांधून. "जीपचं इंजिन फुटलं, तवा मोडीतल्या व्हॅनचं आणून घातलं. दुसऱ्या घरचं, आपल्या घरात ऱ्हायलेलं. म्हणून घरजावई. पेट्रोल किती खायचा त्यो!"

"आणि मी?"

"तुम्हाला मी 'गळतोय' म्हणीन? जावयाला कोण अरे-तुरे करतंय का, विलासराव? तुमच्याबद्दल बोललो असतो तर 'गळत्यात' म्हटलं नसतं का?"

खरंच की. या माणसानं मला एकदाही एकेरी हाक मारली नव्हती.

"मग सांगितलं का नाही?" मी चिडतोच.

"तुम्ही इचारलं का न्हाई?"

त्यांचा आवाज बारीक झालाय. ते माझा उजवा अंगठा धरतात, इंजिनाच्या कुशीला लावतात आणि जोरात घासतात. "हितं लिवून ठेवलंय. पुसून बघायचं तरी..."

पत्रा कडकडतो. मी खाटेवर उठून बसतो. पॅकिंग छातीवर आहे. उजवा अंगठा काळाकुट्ट, नखात जुनं ग्रीस भरलेलं.

इंजिनाच्या बाजूला, वर्षानुवर्षांच्या थरात, अंगठ्याएवढा एक पट्टा पुसलेला आहे. आत पांढऱ्या रंगाचं अक्षर, 'घ'. मी फडक्यानं बाकीचं पुसतो. मामांचं वाकडंतिकडं लिखाण: 'घरजावई. व्हॅनचा. १-२-४-३.'

मधल्या दोन वायरी, दोन आणि तीन नंबरच्या, उलट लागल्या होत्या. एवढंच होतं.

वैजयंता चहा घेऊन येते. "बाबांचं अक्षर!" म्हणते. मग माझ्याकडं बघून, "हात धुऊन घ्या." मी धूत नाही. डाव्या हातानंच दुकानदाराला फोन लावतो.

"जीपचं नको. व्हॅनचं द्या. इंजिन दुसरं आहे."

"अहो साहेब," तो वैतागतो, "मग घरात आधी विचारायचं नाही का?"

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं.